भेंडीवरचा केवडा: फवारणीचे पैसे वाया का जातात?

भातकापणी आटपली की मालवण तालुक्यात मळ्यांतून आणि घरामागच्या परसात भाजीपाला लागतो. त्यात भेंडी हमखास, आणि भेंडी म्हटली की केवडाही आलाच. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळं पान हळदीसारखं होतं. शेंगा फिकट, आखूड, राठ निघतात. खत कमी पडलं असेल म्हणून युरिया टाकला जातो, नाहीतर दुकानदार देईल ती बुरशीची पावडर फवारली जाते. दोन्हीचे पैसे पाण्यात. हा रोग विषाणूचा आहे आणि झाडात शिरलेल्या विषाणूवर औषध नाही.

जुन्या मुंबई इलाख्यात १९२४ सालीच या रोगाची नोंद झाली होती. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्या टॅपिओकाला केरळ-तमिळनाडूत छळणारा मोझॅक रोगही याच विषाणूकुळातला. दोन्हींचा प्रसार करते पांढरी माशी. टॅपिओका खोडाचे तुकडे लावून वाढवतात, त्यामुळे तिथे रोगट खोडाबरोबरही रोग नव्या शेतात जातो. भेंडीत मुख्य दोष माशीचाच. रोगट पानाचा रस शोषून ती दुसऱ्या झाडावर बसली की काम झालं.

म्हणून सगळं लक्ष सुरुवातीला द्यायचं. शास्त्री आणि सिंह यांच्या १९७४ सालच्या अभ्यासात लागण पहिल्या ३५ दिवसांत झाली तेव्हा ९४ टक्के उत्पादन बुडालं; ६५ दिवसांनी झाली तेव्हा ४९ टक्के. पहिलं पिवळं झाड दिसताच उपटा आणि जाळा किंवा खोल पुरा. आम्हाला वाटतं, यातलं सगळ्यात अवघड काम हेच, कारण शेंगा धरलेलं झाड उपटायला हात धजावत नाही. बांधावरची रानभेंडी आणि तण काढा. पिवळे चिकट सापळे लावा. पानांच्या खालच्या बाजूला ५ टक्के निंबोळी अर्क फवारा, पण ही फवारणी माशीसाठी आहे, रोगासाठी नव्हे.

बियाणं रोगाला दाद न देणारं घ्या, मात्र जुन्या नावावर विसंबू नका. परभणी क्रांती आणि अर्का अनामिका ही वाणं एकेकाळी केवड्याला पुरून उरत. पुढे त्यांच्यावरही तो येऊ लागला. सध्या कोणतं वाण टिकतंय ते किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येईल. जाताना रोगट पान बंद पिशवीत घालून न्या.

घरात एक प्रश्न नेहमी निघतो, ही भेंडी खावी का? खुशाल खा. झाडांचा हा विषाणू माणसाला लागत नाही. फक्त शेंगा कोवळ्या निवडा. राठ झालेली भेंडी गोश्तात कितीही शिजवली तरी तोंडात दोरे येतात.