आकार बदलतो की आकारमान? मायक्रोजेलच्या कणांचा मऊपणा कसा मोजतात

आंबा पिकला आहे का, हे अंगठ्याने हलकेच दाबून कळते. पण ज्याचा मऊपणा तपासायचा तो कण केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढा असेल, पाण्यात तरंगत असेल आणि त्याचे बहुतेक वजनही पाण्याचेच असेल तर? मायक्रोजेलच्या कणांबाबत हाच प्रश्न पडतो. हे कण रक्तातून औषध वाहून नेण्यासाठी वापरायचे असतील, तर ते कुठे अडकतील आणि कुठून निसटतील हे त्यांच्या मऊपणावरही ठरते.

मायक्रोजेल म्हणजे काय?

पॉलिमरच्या लांब साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधल्या की जाळे तयार होते. ते पाणी शोषून फुगते, पण विरघळत नाही. अशा जाळ्याचा सूक्ष्म गोळा म्हणजे मायक्रोजेलचा कण. यातला सर्वाधिक अभ्यासलेला प्रकार म्हणजे ‘पीनायपॅम’ या पॉलिमरचे कण. ते बनवण्याची पद्धत रॉबर्ट पेल्टन आणि फिलिप चिबांट यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. सुमारे ३२ अंश सेल्सिअसच्या खाली हे कण फुगलेले असतात. त्याच्या वर गेले की पाणी बाहेर टाकून आक्रसतात. व्यास निम्मा झाला, तर आकारमान एक अष्टमांशच उरते.

मऊपणा दोन तऱ्हांचा

पाण्याने भरलेला फुगा आणि ओला स्पंज, दोन्ही हाताला मऊच लागतात. फुगा दाबला की तो बाजूंनी फुगतो. त्याचा आकार बदलतो, आकारमान तेवढेच राहते. स्पंज दाबला की पाणी बाहेर पडते आणि आकारमानच घटते. पहिल्या गुणाला मऊपणा म्हणता येईल, दुसऱ्याला संपीड्यता. मायक्रोजेलच्या कणात दोन्ही गुण असतात, म्हणून मोजमापेही दोन लागतात. एका बाजूने दाबल्यावर होणारा विरोध यंग गुणांक सांगतो, तर चहूबाजूंनी सारखे दाबल्यावर होणारा विरोध आकारमान गुणांक सांगतो. या दोहोंना जोडतो तो पॉइसन गुणोत्तर नावाचा आकडा. आकारमान अजिबात बदलत नसेल तर तो ०.५ असतो आणि कण जितका अधिक संपीड्य तितका तो कमी होतो.

सुईने दाबून

पहिली पद्धत अणुबल सूक्ष्मदर्शकाची. लवचीक पट्टीच्या टोकाला अतिसूक्ष्म सुई असते. काचेवर चिकटवलेल्या कणावर ती टेकवतात आणि किती बलाला सुई किती खोल गेली, ते नोंदवतात. हिशेबासाठी बहुधा हाइनरिच हर्ट्झ यांनी १८८२ मध्ये मांडलेले सूत्र वापरतात.

इथे दोन अडचणी येतात. हे सूत्र पदार्थ सगळीकडे सारखाच मानते, पण पीनायपॅमच्या कणात साखळ्या बांधणारा घटक लवकर संपतो. त्यामुळे गाभा घट्ट आणि कडा विरळ राहते. दुसरे म्हणजे, पॉइसन गुणोत्तर आधीच गृहीत धरावे लागते. समजा, यंग गुणांक ३० किलोपास्कल आला. गुणोत्तर ०.२५ धरले तर आकारमान गुणांक २० किलोपास्कल निघतो. ०.४५ धरले तर तोच १०० होतो. एका गृहीतकाने उत्तर पाचपट बदलते!

पाणी ओढून घेऊन

म्हणून संपीड्यता थेट मोजणे बरे. कण असलेल्या पाण्यात डेक्स्ट्रानसारखा मोठ्या रेणूंचा पदार्थ विरघळवतात. हे रेणू जाळ्यात शिरू शकत नाहीत, पण परासरण दाबामुळे कणातले पाणी बाहेर ओढले जाते. कण चहूबाजूंनी सारखा दाबला जातो. डेक्स्ट्रान जितके जास्त, तितका दाब जास्त.

आक्रसलेल्या कणाचा व्यास लेसर प्रकाशाच्या विकिरणावरून काढतात. लहान कण पाण्यात जास्त वेगाने थरथरतो, त्या वेगावरून व्यास कळतो. मात्र डेक्स्ट्रानने पाणीही दाट होते आणि कणांची हालचाल मंदावते. ही दुरुस्ती केली नाही, तर कण आहे त्याहून मोठा भासतो.

कण काही दशक मायक्रोमीटरचे असतील तर तिसरा उपाय आहे. निमुळत्या काचनळीत कण दाबाने ढकलतात आणि अडकल्यावर त्याची लांबी व रुंदी पाहतात. त्यातून दोन्ही गुणांक एकत्र मिळतात.

या मोजमापांतून एक अनपेक्षित गोष्ट दिसली. ३२ अंशांच्या आसपास, आक्रसण्याच्या उंबरठ्यावर, पीनायपॅमच्या कणांचे पॉइसन गुणोत्तर एकदम खाली येते. त्या क्षणी त्यांचे आकारमान सर्वात सहज घटते.

याचा उपयोग काय?

तांबडी रक्तपेशी सुमारे ८ मायक्रोमीटर रुंद असते, तरी प्लीहेतल्या एक मायक्रोमीटरच्या आसपासच्या फटींतून निसटते. तिचे आकारमान फारसे बदलत नाही, फक्त आकार बदलतो. वय होऊन कडक झालेल्या पेशी तिथेच अडकतात आणि बाद होतात. २०११ मध्ये रक्तपेशींच्या आकाराचे जेलकण उंदरांमध्ये सोडून पाहिले गेले, तेव्हा कडक कण फुप्फुसात अडकले आणि मऊ कण बराच जास्त काळ रक्तात फिरत राहिले.

आकार बदलून निसटणारा कण आतले पाणी राखतो. आकारमान घटवून निसटणारा ते बाहेर टाकतो आणि त्यात विरघळलेले औषधही त्याबरोबर जाऊ शकते. म्हणून ‘कण मऊ आहे’ एवढे सांगून भागत नाही. तो कोणत्या तापमानाला आणि कोणत्या पद्धतीने दाबला, हेही सांगावे लागते.