टाळेबंदीतील ऑनलाईन विक्री : पुढाकार कोणी घ्यावा?

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि तयार माल विकावा कोठे, हा प्रश्न शेतकऱ्यांपुढे उभा राहिला. त्या काळात मोहाडी (जि. नाशिक) येथील सह्याद्री फार्म्स या शेतकरी उत्पादक कंपनीने शहरातील ग्राहकांकडून ऑनलाईन मागणी नोंदवून फळे व भाजीपाला घरपोच दिला. हे जमले, कारण संस्थापक श्री. विलास शिंदे यांनी निर्यातीच्या द्राक्षांच्या निमित्ताने बागनिहाय नोंदी, प्रतवारी व शीतगृह यांची घडी अगोदरच बसविली होती. नुसत्या ॲपने भाजी विकली जात नाही!

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात द्राक्षे नाहीत, सोयाबीन आहे. २ एप्रिल २०२० पासून ई-नामवर उत्पादक कंपन्यांना माल बाजारात न नेता, संकलन केंद्रावरूनच छायाचित्र व प्रतीची माहिती देऊन बोली मागविण्याची सोय झाली. तरीही सभासद बिचकतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. म्हणून कंपनीच्या अध्यक्षांनी प्रथम स्वतःचा माल नोंदवावा. रक्कम बँकेत जमा झाल्यावर पासबुक बैठकीत सर्वांना दाखवावे. मात्र सोयाबीनमधील ओलावा १२ टक्क्यांपर्यंत आणून, चाळणी करूनच नमुना काढावा.