विश्लेषण : ना रब्बी, ना ग्रंथ, तरीही बेने इस्रायलींचा धर्म घरात कसा टिकला?

'मलिदा' हा शब्द मराठी वाचकाला सहसा दोन ठिकाणी भेटतो. पिराच्या उरुसात किंवा मोहरमला पोळी कुस्करून, गूळ घालून वाटतात तो एक मलिदा. ठेकेदारीच्या बातम्यांत कोणीतरी 'लाटतो' तो दुसरा. महाराष्ट्रात आणखी एक मलिदा आहे. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा आणि भोवती फळे अशा ताटाभोवती घरची मंडळी जमतात, हिब्रू भाषेत प्रार्थना होते, प्रेषित एलियाचे नाव घेतले जाते आणि मग मराठीत गप्पा मारत सगळे प्रसाद खातात. हा मलिदा बेने इस्रायल या मराठी ज्यू समाजाचा. रब्बी, सिनेगॉग आणि धर्मग्रंथ यांपैकी काहीही हाताशी नसताना या समाजाने आपला धर्म कित्येक पिढ्या घरात सांभाळला. तो कसा, आणि आज त्यापुढे कोणती अडचण उभी आहे, याचा हा आढावा.

बेने इस्रायल कोण?

'बेने इस्रायल' म्हणजे इस्रायलची लेकरे. समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यालगत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांचे दफन नवगावला झाले. तिथे आज स्मारक आहे. हे नेमके कधी घडले, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर (१८३०-१९०८) यांनी हा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला मानला. जेरुसलेमच्या मंदिराच्या पुनःशुद्धीची आठवण म्हणून पाळला जाणारा हनुक्का हा सण या समाजाला ठाऊक नव्हता, म्हणजे त्या घटनेआधीच ते तिकडून निघाले असावेत, असा हा तर्क. युरोपीय लेखनात त्यांचा उल्लेख सापडतो तो मात्र थेट १७३८ मधील एका मिशनऱ्याच्या पत्रात.

कोकणात हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. राहत्या गावावरून आडनावे पडली : किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर, अष्टमकर, नवगावकर. अभिनेते डेव्हिड यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड याच समाजातले.

ग्रंथाविना धर्म टिकला कसा?

या लोकांना हिब्रू वाचता येत नव्हते. तोरा म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ त्यांच्याजवळ नव्हता. उरल्या होत्या त्या घरात करायच्या मोजक्या गोष्टी : शनिवारची विश्रांती म्हणजे शब्बाथ, जन्मानंतर आठव्या दिवशी मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, काही उपास आणि सण, आणि 'शेमा' ही ईश्वर एकच असल्याची ग्वाही देणारी प्रार्थना. जन्म असो, लग्न असो की मृत्यू, हीच प्रार्थना म्हटली जाई.

यातले जवळजवळ सगळे घरात होणारे आहे. चूल, दिवा, बाळंतिणीची खोली आणि आठवड्याचा एक मोकळा दिवस एवढ्यावर ते चालते. आजही शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत स्वयंपाक उरकतो, दिवा लागतो, आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम बंद राहते. द्राक्षरसाच्या आशीर्वादासाठी योग्य दारू मिळत नसे, तेव्हा बायकांनी मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून त्याचे सरबत केले. ते सरबत पुढे परंपराच झाले.

समाजात अशी कथा सांगतात की, डेव्हिड राहाबी नावाचा ज्यू प्रवासी कोकणात आला आणि हे लोक खरेच ज्यू आहेत का, याची परीक्षा म्हणून त्याने बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले, उरलेले बाजूला सारले. ज्यू धर्मशास्त्रात नेमके असेच मासे खाण्यायोग्य मानले आहेत. राहाबीच्या काळाबद्दल मतभेद आहेत. पण या कथेत परीक्षेला बसतात त्या स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बायका, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सणांची नावे मराठी का?

हिब्रू नावे विसरली गेली, सण राहिले. मग त्यांना घरच्या भाषेत नावे मिळाली. नववर्षाचा रोश हशाना झाला 'नवियाचा सण'. दिवसभराच्या उपासाचा, दारे लावून घरात बसण्याचा योम किप्पूर झाला 'दारफळणीचा सण'. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळण्याचा दिवस 'बिरड्याचा रोजा' ठरला, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे होई. वल्हांडणाचे म्हणजे पासओव्हरचे नाव 'अनाशी ढाकण्याचा सण'. आंबवलेले वर्ज्य, म्हणून आंबट साठवण्याचे भांडे झाकून ठेवायचे. होळीच्या सुमारास येणारा पुरिम 'होळीचा सण' म्हणून ओळखला गेला. 'सण', 'रोजा' आणि 'उरूस' हे शब्द इथे शेजारीशेजारी आले आहेत. हिंदू आणि मुसलमान दोन्ही शेजाऱ्यांची बोली त्यात आहे.

सोलापूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. पूर्व भागातील पद्मशाली घरांत तेलुगू बोलली जाते आणि उंबऱ्याबाहेर मराठी. बेने इस्रायलींचे उलटे झाले. मराठी हीच त्यांच्या घरातली भाषा झाली आणि हिब्रू प्रार्थनेपुरती राहिली. कित्येकांच्या प्रार्थनापुस्तकांत हिब्रू उच्चार देवनागरीत छापलेले असतात.

मलिदा कशासाठी करतात?

लग्न ठरले, सुंता झाली, नवे घर घेतले, आजारपणातून कोणी उठले, नोकरी लागली, नवस फेडायचा आहे, की मलिदा करतात. प्रार्थनेत एलियाहू हन्नबी म्हणजे प्रेषित एलियाचे स्मरण असते. झाडाचे फळ, जमिनीतले पीक, सुगंधी वस्तू यांच्यासाठी वेगवेगळे आशीर्वाद म्हणून मग ताट वाटले जाते. एलिया अग्निरथातून स्वर्गाला जाताना अलिबाग तालुक्यात थांबला, अशी श्रद्धा आहे. तिथल्या कातळावरची खूण ही त्याच्या रथाची किंवा घोड्याच्या टापेची मानली जाते आणि नवस फेडायला कुटुंबे तिथे जातात.

ताट पाहून शेजाऱ्याला सत्यनारायणाच्या प्रसादाची किंवा दर्ग्यातल्या मलिद्याची आठवण झाली तर नवल नाही. पण इथे मूर्ती नसते आणि मागणे एकाच ईश्वराकडे असते. पद्धत मातीतली, श्रद्धा आपली, असा हा मेळ. लग्नातही तेच दिसते. आधी मेंदी, हातात हिरवा चुडा, गळ्यात मंगळसूत्र. पण विवाहाचा करार हिब्रू परंपरेचा, आणि वधू येताना वर गातो ते गीतही हिब्रू.

स्वयंपाकघरात काय पाळतात?

मांस आणि दूध एकत्र करायचे नाही, हा मुख्य नियम. कोकणाने त्यावर सोपा उपाय दिला : नारळाचे दूध. मटणाच्या रश्श्यात तेच, आणि मटणाच्या जेवणानंतरच्या गोडातही तेच. नववर्षाला होणारा चिकाचा हलवा गव्हाच्या चिकात नारळाचे दूध घालूनच करतात. कोळंबी, खेकडे, शिंपल्या, मुशी वर्ज्य. पापलेट, रावस, बांगडा चालतात. डुकराचे मांस निषिद्ध आहेच. शेजाऱ्यांच्या भावना लक्षात घेऊन अनेक घरांनी गोमांसही वर्ज्य केले.

मांसासाठी धर्मशास्त्राप्रमाणे जनावर कापणारा प्रशिक्षित माणूस लागतो. तो प्रत्येक गावी नसतो. मग लहान गावातली घरे मासे, अंडी आणि भाजीपाल्यावर भागवतात. नियम मोडण्यापेक्षा ताटातला पदार्थ बदललेला बरा, हा जुना तोडगा अजून चालतो.

सिनेगॉग आणि पुस्तके केव्हा आली?

अठराव्या शतकात अनेक जण ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत भरती होऊन मुंबईला गेले. त्यांच्यातले सॅम्युएल इझिकेल ऊर्फ समाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाबरोबरच्या लढाईत कैद झाले. सुटका झाल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात 'शारे राहमीम' हे सिनेगॉग बांधले. समाजाचे हे पहिले प्रार्थनास्थळ. लोक त्याला 'मशीद' म्हणत. पुढे रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९), पेण (१८६३), ठाणे (१८७९) आणि पुण्यातील रास्ता पेठ (१९२१) इथे सिनेगॉग झाली. कारभाराची पदेही गावगाड्यातली होती. समाजाचा प्रमुख मुकादम आणि त्याचा मदतनीस चौगुला.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायबल मराठीत आणले. मुंबईत जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. धर्मांतराची आशा बाळगून केलेल्या या खटाटोपाने बेने इस्रायली ख्रिस्ती झाले नाहीत, उलट आपल्या मूळ ग्रंथापर्यंत पोचले. कोचीहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी प्रार्थना नीट शिकवल्या. वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायचे 'हग्गादा' हे पुस्तक १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह निघाले. पुण्याच्या प्रतीतील चित्रांत बिनखमिराची भाकर भाजणाऱ्या बायका लुगड्यात दिसतात. १८८० च्या सुमारास समाजात कीर्तनही सुरू झाले. पूर्वरंग-उत्तररंगाची आपली रीत, कथा मात्र अब्राहम, मोशे किंवा योसेफाची. ग्रंथ आल्यावरही तो घरात आणि मराठीतच रुजला.

इस्रायलला गेल्यावर काय झाले?

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली तेव्हा भारतात या समाजाची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक कुटुंबे तिकडे गेली आणि लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा, दिमोना अशा गावांत स्थिरावली. तिथे त्यांना अनपेक्षित प्रश्न विचारला गेला : तुम्ही शास्त्राप्रमाणे ज्यू आहात का? शेकडो वर्षे रब्बी नसलेल्या समाजाचे विवाह आणि घटस्फोट ग्राह्य धरायचे का, अशी शंका तिथल्या धर्मपीठाने काढली आणि त्यांच्या लग्नांसाठी वंशावळीच्या वेगळ्या चौकशीचे आदेश दिले. समाजाने निदर्शने केली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला की, बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत. पाठोपाठ त्यांना वेगळे काढणारे आदेश मागे पडले.

म्हणजे ज्या घरगुती धर्माने समाज टिकवला, त्याच्याच कागदपत्रांची मागणी झाली. आज तिथल्या मराठी ज्यूंच्या घरी मलिदा होतो, पुरणपोळीही होते, आणि 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तिथून निघाले.

आज महाराष्ट्रात अडचण कोणती?

भारतात आता सर्व ज्यू मिळून साधारण पाच हजार असल्याचे मानले जाते, त्यांतले बहुसंख्य मुंबई आणि ठाण्याच्या आसपास. जून २०१६ मध्ये राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याआधी सरकारी कागदांवर त्यांची नोंद अनेकदा 'इतर' या रकान्यात जाई.

दर्जा मिळाला, माणसे वाढली नाहीत. परंपरेनुसार सामूहिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. याला 'मिन्यान' म्हणतात. ते नसतील तर तोराचे जाहीर वाचन होत नाही आणि मृतासाठीची 'कद्दिश' ही प्रार्थनाही म्हणता येत नाही. कोकणातील सिनेगॉगच्या इमारती उभ्या आहेत, पण दहा जण जमवायला बाहेरगावी निरोप धाडावे लागतात. त्यात शब्बाथला वाहनाने प्रवास वर्ज्य. लग्नासाठी समाजातच स्थळ शोधायचे तर पर्याय मोजके, आणि मिळाले तरी जोडपे परदेशी जाण्याची शक्यता अधिक.

घर पुन्हा आधार ठरेल का?

बऱ्याच अंशी. शुक्रवारचा दिवा, मनुकांचे सरबत, दाराच्या चौकटीवरचा मेझुझा म्हणजे प्रार्थनेच्या चिठ्ठीची डबी, मासळीची निवड, यांतल्या कशालाच दहा पुरुष लागत नाहीत. एक कुटुंब पुरते. या समाजाने हा प्रयोग पूर्वी शेकडो वर्षे केला आहे. फरक इतकाच की, तेव्हा कोकणात गावोगावी आपली चार घरे होती आणि आजीकडून नातवाला नियम आपोआप कळत. आज घर एकटे आहे आणि नातू बहुधा दुसऱ्या शहरात.

म्हणून आता शिकवणे ठरवून करावे लागते : सुट्टीत मुलांना अलिबागला नेणे, आजीकडून चिकाचा हलवा शिकून घेणे, मराठीत छापलेल्या हिब्रू प्रार्थना मोठ्याने म्हणून घेणे. त्याने शब्बाथ टिकेल, सण टिकतील. घरातला कोणी गेल्यावर मात्र कद्दिशसाठी दहा जण लागतातच, आणि ते घरातून आणता येत नाहीत.