दिव्याखालचे पीक : गांजाच्या बंदिस्त लागवडीचा मागोवा

गांजाचे रोप रात्र मोजते. दिवस मोठे असेतो ते पाने आणि फांद्या वाढवत राहते; दिवस आखूड होऊन सलग, लांब अंधार मिळू लागला की त्याला फुलोरा येतो. ज्युलियँ तूर्न्वा या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१२ च्या सुमारास हॉप आणि भांग या दोन वनस्पतींवर प्रयोग करून हे दाखवले. उजेडाचे तास हाताने कमी केले, तर भांगेचे अगदी कोवळे रोपही अवेळी फुलते. तूर्न्वा पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि त्याचे काम अर्धे राहिले. १९२० मध्ये गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखू व सोयाबीनवरच्या प्रयोगांतून तोच नियम पक्का केला. पुढे साठ-सत्तर वर्षांनी बंद खोल्यांतून जी शेती उभी राहिली, ती या एका गुणावर. ज्याचा हंगाम उजेडाचे तास ठरवतात, त्या पिकाचा हंगाम विजेच्या बटणावर आणता येतो.

दुसरा गुण लिंगभेदाचा. या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. मादी फुलाला पराग मिळाला नाही तर ते बी धरत नाही आणि तुऱ्यांवर राळ साचत जाते. हे ज्ञान कॅलिफोर्नियातून आले असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते, ते खरे नाही. १८९३-९४ च्या ब्रिटिश भारतातील हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात बंगालमधल्या नौगाव भागातील (आज हा भाग बांगलादेशात आहे) गांजाच्या शेतीचे तपशीलवार वर्णन आहे. तिथे ‘पोद्दार’ किंवा ‘परखदार’ नावाचा जाणकार माणूस मजुरीवर बोलावला जाई. तो ओळीओळीने शेत फिरे आणि फुलण्याआधीच नर झाडे ओळखून उपटून टाके. एखादे जरी निसटले, तरी आजूबाजूचा माल बियांनी भरून त्याची किंमत उतरे. मध्य प्रांतात खंडवा आणि मुंबई इलाख्यात अहमदनगर या भागांतही परवान्याखाली गांजा पिकत होता. १९७० च्या दशकात अमेरिकेत ज्याला ‘सिन्सेमिया’, म्हणजे बिनबियांचा माल, असे स्पॅनिश नाव मिळाले, ती पद्धत नौगावच्या परखदाराच्या डोळ्यात आधीच होती.

उघड्यावरचे पीक छताखाली गेले ते शेतीच्या गरजेने नव्हे, पोलिसांच्या भीतीने. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेक्सिकोतल्या शेतांवर विमानांतून पॅराक्वाट हे तणनाशक फवारले जाऊ लागले. बाहेरून येणाऱ्या मालाबद्दल अमेरिकेत धास्ती पसरली आणि देशातल्या देशात लागवड वाढली. ती एकवटली उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या डोंगराळ तालुक्यांत. १९८३ पासून तिथे ‘कॅम्प’ या नावाची सरकारी मोहीम सुरू झाली. हेलिकॉप्टरमधून डोंगर पिंजून काढायचे, खाली उतरून झाडे कापायची. वरून दिसणारे प्रत्येक हिरवे शेत धोक्यात आले. त्याच सुमारास खोलीतल्या लागवडीवरची पुस्तके खपू लागली. मेटल हॅलाइड दिवे आणि रस्त्यांवर पिवळट-नारिंगी उजेड पाडणारे सोडियमचे दिवे तळघरांत टांगले गेले. रस्त्यासाठी बनवलेला दिवा झाडासाठी पुरेसा निघाला, पण त्याची उष्णता प्रचंड होती. ती बाहेर काढायला पंखे, मग वातानुकूलन, झाडांनी हवेत सोडलेला दमटपणा शोषायला आणखी यंत्रे. खोली थंड राखायलाही वीज लागली.

सरकारने मग दुकानांकडे मोर्चा वळवला. २६ ऑक्टोबर १९८९ रोजी ‘ऑपरेशन ग्रीन मर्चंट’ खाली अमेरिकेतल्या ४६ राज्यांत एकाच दिवशी छापे पडले. बागकामाचे दिवे आणि पाण्यावरच्या शेतीचे साहित्य विकणारी दुकाने, त्यांची ग्राहकयादी आणि जाहिराती छापणारी मासिके हे लक्ष्य होते. टोमॅटो पिकवणारा आणि गांजा पिकवणारा एकाच दुकानात एकच पंप विकत घेत असल्याने तपास करणाऱ्यांना दोघांत फरक करणे कठीण जाई.

कायद्याने या पिकाचा आकारही बदलला. १९८० च्या दशकाअखेरीस अमेरिकी संघराज्याच्या कायद्यात रोपांच्या संख्येवर किमान शिक्षा बांधली गेली : १०० रोपांना ५ वर्षे, १००० रोपांना १०. शेतकरी एकरी उतारा मोजतो. तळघरातला उत्पादक एका दिव्यामागचा उतारा मोजू लागला आणि पुढे ‘एका वॅटमागे किती ग्रॅम’ हेच त्याचे माप झाले. रोपे मोजली जात असतील तर थोडी पण रुंद, डेरेदार झाडे त्याला परवडत. मोजणी नसेल तर गर्दीने लावलेली बुटकी रोपे आणि लवकर लवकर घेतलेली पिके फायद्याची ठरत. एकच जात, एकच खोली, पण दोन देशांत दोन वेगळी झाडे दिसण्यामागे मातीपेक्षा दंडसंहितेचा हात मोठा आहे.

नेदरलँड्समध्ये गोष्ट उलट्या टोकाने सुरू झाली. १९७६ मध्ये अफू कायद्यात दुरुस्ती होऊन थोडा गांजा जवळ बाळगणे सौम्य गुन्हा ठरले, आणि ‘कॉफीशॉप’ना पुढच्या दाराने किरकोळ विक्री करू दिली गेली. मागच्या दाराने माल कुठून यावा, याला मात्र कायद्यात उत्तरच नव्हते. ते उत्तर पोटमाळ्यावरच्या खोल्यांनी दिले. कॅलिफोर्नियातून आलेले संकरित बी १९८० च्या दशकात ॲम्स्टरडॅमच्या बियाणे-व्यवसायात रुजले. फुलशेती आणि काचघरांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब तिथे आयतेच होते. अफगाण डोंगरांतल्या बुटक्या, लवकर तयार होणाऱ्या जाती आणि उष्ण प्रदेशातल्या उंच जाती यांच्या संकरातून छताच्या उंचीत मावणारे झाड घडवले गेले. नऊ-दहा फूट वाढणारी झाडे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ते ओळखूही येणार नाही.

लपवण्याची आणि शोधण्याची चढाओढ मग भिंतींवर आली. १९९२ च्या जानेवारीत ओरेगन राज्यातल्या फ्लोरेन्स गावात, रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीतून तपास अधिकाऱ्यांनी डॅनी कायलो यांच्या घराकडे उष्णता टिपणारा कॅमेरा रोखला. गॅरेजचे छप्पर आणि एका बाजूची भिंत बाकी घरापेक्षा तापलेली दिसली. आत १०० हून अधिक रोपे निघाली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला : सर्वसामान्यांच्या वापरात नसलेल्या यंत्राने घराच्या आतले टिपणे ही झडतीच आहे, आणि तिला वॉरंट लागते. गांजाच्या खोलीने अमेरिकी नागरिकाच्या घराची भिंत अधिक भक्कम केली, हे या इतिहासातले एक मोलाचे पान आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६ मध्ये वेगळा रस्ता धरला आणि घराघरातल्या वीजवापराची माहिती नगरपालिकांना मिळण्याची सोय केली. कारण आगीचे होते. मीटर टाळून ओढलेल्या तारा आणि दमटपणाने बुरशी धरलेल्या भिंती यांनी भाड्याची घरे खराब होत होती. डच पोलिसांनी २०१० मध्ये रॉटरडॅम आणि हेग इथल्या ३०,००० घरांत खरवडून वास घ्यायची पत्रके वाटली, शेजारच्या घरातला दर्प लोकांना ओळखता यावा म्हणून. २०१५ च्या हिवाळ्यात हार्लेममध्ये एका रांगेतल्या सगळ्या छपरांवर बर्फ साचलेले आणि मधलेच एक छप्पर कोरडे असलेले छायाचित्र पोलिसांनी प्रसिद्ध केले. खालच्या दिव्यांनी बर्फ टिकू दिले नव्हते.

उघड, सरकारमान्य बंदिस्त शेतीचा एक मोठा प्रयोग जमिनीखाली झाला. डिसेंबर २००० मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्याने औषधी गांजाचे कंत्राट दिले, आणि मॅनिटोबातल्या फ्लिन फ्लॉन इथे धातूच्या खाणीत सुमारे ३६० मीटर खोलीवर तो पिकवला गेला. सूर्याचा एक किरणही त्या पिकाने पाहिला नाही. २०१२ मध्ये अमेरिकी ऊर्जातज्ज्ञ इव्हन मिल्स यांनी पहिल्यांदा अमेरिकेतल्या बंदिस्त लागवडीच्या विजेचा हिशेब मांडला : देशाच्या एकूण विजेपैकी सुमारे १ टक्का, वर्षाला ६ अब्ज डॉलरचा खर्च, आणि एक किलो तयार मालामागे ४,६०० किलो कार्बन डायऑक्साइड. या खोल्यांतला उजेड शस्त्रक्रियागृहाइतका प्रखर असतो, असे त्यांनी नोंदवले. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांच्या २०२१ च्या अभ्यासात किलोमागच्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा स्थळानुसार २,२८३ ते ५,१८४ किलो आला. हवाबदल आणि तापमान राखण्याचाच त्यात मोठा वाटा होता.

कायदेशीरपणा आला तेव्हा लपण्याचे कारण संपले, पण खोली राहिली. गुंतवणूक, कसब, ग्राहकाची आवड, सारे तिच्याभोवती जमले होते. १ जानेवारी २०१४ ला कोलोरॅडोत खुली विक्री सुरू झाली. १७ ऑक्टोबर २०१८ ला सगळ्या कॅनडात. ऑन्टारिओतल्या स्मिथ्स फॉल्स गावात हर्शी कंपनीचा चॉकलेटचा कारखाना २००८ मध्ये बंद पडला होता. त्याच इमारतीत पुढे गांजाच्या खोल्या उभ्या राहिल्या आणि गावाला पुन्हा काम मिळाले. एडमंटनच्या विमानतळाशेजारी ८ लाख चौरस फुटांचे, वर्षाला १ लाख किलोच्या अंदाजाने बांधलेले काचघर उभे राहिले. मागणी तेवढी नव्हती. माल गोदामांत पडून राहिला, पुष्कळ नष्ट करावा लागला. २०२२ मध्ये ते काचघर बंद करण्याचे जाहीर झाले. २०२३ मध्ये स्मिथ्स फॉल्सची इमारत हर्शीनेच परत विकत घेतली. ज्या उताऱ्यासाठी पन्नास वर्षे धडपड चालली, तो हाती आला तेव्हा त्यानेच भाव पाडला.

विज्ञान या काळात उशिरा पण नेटाने आले. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या २०२१ च्या प्रयोगात उजेडाबरोबर फुलांचे वजन जवळजवळ सरळ रेषेत वाढत गेले, मात्र राळेची तीव्रता तशी वाढली नाही. सोडियमच्या जागी एलईडी आले. मॅसॅच्युसेट्स आणि इलिनॉय राज्यांनी मोठ्या उत्पादकांच्या दिव्यांवर प्रति चौरस फूट ३६ वॅटची मर्यादा घातली. एकाच मातृरोपाची छाटकलमे वर्षानुवर्षे लावण्याची सवय मात्र अंगाशी आली. कॅलिफोर्नियात रोपे खुरटी, फांद्या ठिसूळ आणि तुरे हलके निघू लागले होते. २०१९ मध्ये त्यामागे हॉप पिकातला एक व्हायरॉइड, म्हणजे विषाणूसारखा रोगकारक, असल्याचे सिद्ध झाले. छाटणीच्या एकाच कात्रीने तो रोपारोपांत पसरतो. नौगावच्या शेतात बी पेरले जाई, त्यामुळे झाडागणिक फरक असे. बंद खोलीने तो फरक पुसून टाकला होता.

नेदरलँड्सने मागच्या दाराचा प्रश्न अखेर हाती घेतला. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रेडा आणि टिलबर्ग इथे परवानाधारक उत्पादकांचा माल कॉफीशॉपमध्ये येऊ लागला, आणि एप्रिल २०२५ पासून प्रयोगातल्या दहा नगरपालिकांत केवळ तोच विकण्याची सक्ती झाली. थायलंडने ९ जून २०२२ ला गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि तीन वर्षांनी, जून २०२५ मध्ये, फुलांच्या विक्रीला पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. मधल्या काळात बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात मुंबई विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांना वारंवार सापडणारा ‘हायड्रोपोनिक गांजा’ मराठी वृत्तपत्रांच्या रोजच्या शब्दांत जाऊन बसला. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याखाली परवान्याविना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, मग ती शेतात असो की फ्लॅटमध्ये. जवळ सापडलेल्या मालाची शिक्षा मात्र वजनावर ठरते. २००१ च्या अधिसूचनेनुसार १ किलोपेक्षा कमी ते अल्प आणि २० किलोपेक्षा जास्त ते व्यापारी प्रमाण मानले जाते. त्या तराजूत डोंगरातला बियांनी भरलेला गांजा आणि दिव्याखालचे राळेने चिकट तुरे यांना एकच माप आहे.