जुनी बुखारी बसवताना

व्हिडिओत माझ्या मागे दिसणारी काळी लोखंडी पेटी कसली, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. ती बुखारी; लाकडावर चालणारी, धुराडं असलेली बंद शेगडी. काश्मीर-लडाखमध्ये नोकरी केलेल्या प्रत्येक फौजीला ती ठाऊक असते.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं राणीखेतजवळ एका जुन्या कॉटेजमध्ये भाड्याने राहायला आलो. उंची सुमारे 6,000 फूट. थंडीसाठी बिडाची एक जुनी बुखारी विकत घेतली. पाईप खिडकीतून आडवा बाहेर काढला आणि पेटवली. मध्यरात्री बायकोने हलवून उठवलं. “अहो, डोकं फुटतंय, मळमळतंय.” माझंही डोकं जड झालं होतं. खोलीत धूर तर दिसत नव्हता! दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि उरलेली रात्र ब्लँकेट गुंडाळून व्हरांड्यात काढली.

तो कार्बन मोनॉक्साइड होता. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतो. ती जागी झाली नसती, तर आज मी बोलत नसतो.

मग गावातल्या मिस्त्रीला बोलावून सगळं नव्याने केलं. ते सांगतो.

आधी बुखारी तपासा. अंधारात आत टॉर्च लावा. बाहेर उजेड दिसला तर तिथे भेग आहे. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज निघाली तर दाराची दोरी बदला.

बुखारीखाली दगडी फरशी हवी. जुन्या बुखारीपासून लाकडी भिंत निदान 3 फूट दूर ठेवा. छतातून पाईप जातो तिथे लाकूड त्याला टेकू देऊ नका.

धूर वर चढतो तो गरम असतो म्हणून. त्यामुळे पाईप शक्यतो सरळ उभा हवा. छपरातून निदान 3 फूट वर आणि 10 फुटांच्या आतल्या कुठल्याही उंच भागापेक्षा 2 फूट वर. माझा आडवा पाईप धूर ओढतच नव्हता.

लाकूड वर्षभर वाळलेलं घ्या. इथे बांजाचं लाकूड उत्तम, सावकाश जळतं. ओल्या लाकडाने पाईपात डांबरासारखी काजळी साचते आणि तीच पुढे पेट घेते. म्हणून हंगामाआधी धुराडं झाडा.

आणि बाहेरची हवा आत यायला एक झरोका कायम उघडा ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावा.

फौजेत मी बुखारीपाशी वर्षानुवर्षं हात शेकले. ती बसवणारे जवान मात्र वेगळे होते. त्यांना कधी काही विचारलंच नाही, ही माझी खरी चूक. तुम्ही विचारा. जय हिंद.