घरबसल्या मानसोपचार कुणाला चालेल?

वाकोल्यातल्या आमच्या दीड खोलीत सासूबाई, मुलं, टीव्ही, सगळं एकत्र. म्हणून ऑनलाइन मानसोपचाराबद्दल कुणी विचारलं, की मी आधी जागेचंच विचारते: तासभर दार लावून मोकळेपणी रडता येईल? येत नसेल, तर प्रत्यक्ष भेटच बरी. सततची चिंता, उदासी यांवर व्हिडिओवरचं बोलणंही खरोखर उपयोगी पडतं. लोकलची गर्दीही टळते. पण जीव द्यावासा वाटत असेल, भास होत असतील, तर थेट रुग्णालय गाठा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे. फी परवडत नसेल, तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.