पुढचं वाक्य पाठ असतानाही

'अशी ही बनवाबनवी' १९८८च्या सप्टेंबरात पडद्यावर आला. आजही तो कुठे लागला की बघणारी माणसं अशोक सराफांच्या आधी अशोक सराफांचं वाक्य म्हणून टाकतात, आणि मग ते पडद्यावर आलं की पुन्हा पोट धरून हसतात. मला याचं फार नवल वाटतं. सुटलेलं कोडं कुणी पुन्हा सोडवायला घेत नाही. खुनी कोण ते कळलं की रहस्यकथा कपाटात जाते. तत्त्वज्ञ कान्टचं म्हणणं तर असं, की ताणून धरलेली अपेक्षा एकाएकी शून्यावर आली की हसू फुटतं. इथे पुढचं सगळं पाठ आहे. भंग व्हायला अपेक्षाच उरलेली नाही. तरी हसू येतं ते कुठून?

कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्यात राहायला जागा शोधणारे चौघे, आणि फक्त जोडप्यांनाच जागा देणाऱ्या लीलाबाई काळभोर. म्हणून परशुरामची पार्वती होते आणि सुधीरची सुधा. पण साडी नेसलेला पुरुष हा विनोद फार तर दोन मिनिटं टिकतो. टीव्हीवरची कितीतरी प्रहसनं त्या दोन मिनिटांतच अडकतात, आणि त्यांचा मला कंटाळा येतो. 'बनवाबनवी' तिथे थांबत नाही. तो एक जिना बांधतो. सगळ्यात खालच्या पायरीवर काहीच ठाऊक नसलेल्या लीलाबाई, त्यांच्या वर थोडंफार कळलेली माणसं, त्यांच्याही वर सोंग करणारे चौघे. आणि सगळ्यांच्या वर, जिथून प्रत्येक पायरी दिसते तिथे, आपण. पार्वतीचं डोहाळजेवण आठवा. बायका मनापासून गाणं म्हणतात, कौतुक करतात. त्यांच्या वागण्यात विनोद औषधालाही नाही. त्या जितक्या खऱ्या प्रेमाने वागतात, तितकं वरच्या पायरीवरून आपल्याला हसू आवरत नाही.

म्हणजे इथलं हसू धक्क्यातून येत नाही, ठाऊक असण्यातून येतं. आणि ठाऊक असणं दहाव्या वेळी कमी होत नाही, उलट वाढतं! 'हा माझा बायको' अशी ओळख करून देताना चौघांतल्या धनंजय मान्यांचं डोकं खोटं बोलत असतं आणि जीभ खरं बोलून जाते. पहिल्यांदा पाहताना ते निसटलं तरी चालतं. पुढच्या वेळी आपण आधीच्या वाक्यापासून त्या जिभेकडे डोळे लावून बसतो.

हे असं बांधणारे हात वसंत सबनीसांचे. त्यांनी आधी 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य लिहिलं होतं, आणि पुढे दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' (१९७१). तमाशाच्या बतावणीत प्रेक्षक पहिल्यापासून कटात सामील असतो. सोंगाड्या राजाला फसवतो तो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, त्यांना साक्षीला घेऊन. 'विच्छा'चे प्रयोग बघायला माणसं पुन्हा पुन्हा गेली, तेव्हा कथा कुणाला नवी नव्हती. पुण्याच्या बंगल्यात घडणाऱ्या 'बनवाबनवी'च्या खाली मला ती बतावणीची जमीन लागते.

आता याहून मोठं नवल. ही गोष्ट मुळात पुण्याची नाहीच. १९५५ साली बंगालीत 'जय माँ काली बोर्डिंग' आला. त्यावरून हृषीकेश मुखर्जींनी १९६६ साली हिंदीत 'बीवी और मकान' केला. त्यानंतर सचिन पिळगावकरांचा मराठी चित्रपट. तिथून ती १९९१ साली तेलुगूत गेली आणि २००३ साली कन्नडमध्ये 'ओळू सार बरी ओळू' या नावाने आली. उत्तर कन्नड जिल्ह्यात जोयड्याहून कारवारकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानात वसलेल्या अणशीसारख्या गावात कोकणी, मराठी आणि कन्नड एकाच दिवसात कानांवर पडतात. तिथल्या घरात हीच लबाडी दोन भाषांत पाहता येईल. नावं बदलतील, पण जिना तोच. घरमालक बहुधा सगळ्या भाषांत सारखाच असतो.

साडीच्या जागी झगा घालून हा खेळ बघायचा असेल तर बिली वाइल्डरचा 'सम लाइक इट हॉट' (१९५९) मिळवा. तिथे दोन वादक गुंडांपासून जीव वाचवायला बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात. त्यात लग्न ठरल्याची बातमी सांगताना जॅक लेमन दर वाक्यानंतर हातातले खुळखुळे वाजवत नाचतो. वाइल्डरने ते मुद्दाम त्याच्या हातात दिले. थिएटरातल्या हशाखाली पुढचं वाक्य बुडू नये म्हणून ही जागा राखलेली! प्रेक्षकांनी अजून तिकीटही काढलेलं नाही, आणि त्यांच्या हसण्याची लांबी चित्रीकरणातच मोजून ठेवलेली आहे. मला हे एखाद्या तबलजीने सम राखून ठेवावी इतकं सुंदर वाटतं.

आणि भाषाच नको असेल तर बस्टर कीटनचा 'स्टीमबोट बिल ज्युनियर' (१९२८). वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते, आणि वरच्या मजल्यावरची उघडी खिडकी नेमकी तो उभा आहे तिथे येते. तो जिवंत आत, भिंत भोवती. भिंत खरोखर पडलेली आहे. इथेही जिना तोच, फक्त नायक सगळ्यात खालच्या पायरीवर: आपल्याला संकट दिसतं, त्याला दिसत नाही, आणि वाचल्यावरही त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. अणशीतल्या आजीला आणि तिच्या नातवाला हे एकाच क्षणी कळेल.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार दिले आहेत, ओठांतल्या स्मितापासून अंग हलवून टाकणाऱ्या अतिहसितापर्यंत. हास्याच्या कारणांत विचित्र वेष आहेच. पण मला भावतो तो दुसरा भेद: आत्मस्थ हास्य, म्हणजे माणूस स्वतः हसतो ते, आणि परस्थ, म्हणजे तो दुसऱ्याला हसवतो ते. हसणं एकाकडून दुसऱ्याकडे जातं, हे तिथे किती आधी टिपलेलं आहे! रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाने अलीकडे तेच मोजलं. त्याला आढळलं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीस पट चारचौघांत हसतो, आणि बहुतेक हशाच्या आधी विनोद असा काही झालेलाच नसतो.

म्हणून माझी शिफारस चित्रपटांइतकीच सोबतीचीही आहे. उत्तर कन्नडच्या माणसांनी यात 'गणेशन मदुवे' (१९९०) हा कन्नड चित्रपट जरूर धरावा. त्यातला नायक अनंत नाग याच जिल्ह्यातल्या चित्रापूर मठात शिकला, मुंबईत कोकणी, कन्नड आणि मराठी नाटकांत घडला. चित्रपटात चाळीसारख्या एका वाड्यात घरमालकाच्या मुलीशी त्याचं रोज भांडण, आणि पत्रातून एका न पाहिलेल्या मुलीवर प्रेम. दोघीही एकच, हे आपल्याला ठाऊक आणि त्याला नाही. कन्नड येणारा एखादा शेजारी जवळ बसवा, आणि तो कधी हसतो त्यापेक्षा कधी हसायच्या तयारीला लागतो तिकडे लक्ष ठेवा.